पणदऱ्याचं मुकं इंजिन

ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, शेवटी कोणाला शिक्षाही झाली नाही. तरी साऱ्या नोकरीत मला सर्वांत जास्त शिकवलं ते त्यानंच.

सन तीसनंतरची, कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढू लागला होता तेव्हाची गोष्ट. बारामती ठाण्यात मी नवा फौजदार होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी. पदार्थविज्ञान शिकून पदवी घेतली होती आणि ते चारचौघांत सांगतही असे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. वडिलांनी मोट हाकून मला शिकवलं होतं.

दसरा होऊन एकच दिवस झाला होता. ठाण्यातल्या बंदुकांवरचे झेंडूचे हार अजून उतरवले नव्हते. सकाळी हजेरी चालू असताना पणदऱ्याचे एक बागाईतदार आले. गावात त्यांना तात्या म्हणत. त्यांच्या गुऱ्हाळावर चरक फिरवायला तेलावरचं मोठं डिझेल इंजिन होतं. त्याचं एकेक चाक पुरुषभर उंच. आज सीझनचा पहिला दिवस, आणि पहाटेपासून ते चालू होईना. चार-चार गडी चाक फिरवून थकले. इकडे ऊस तोडून पडलेला. तोडलेला ऊस वाळू लागला की रस आटतो, गूळही नीट बसत नाही.

तात्यांचा संशय त्यांच्या जुन्या मिस्त्रीवर होता. हा इंदापूरचा मुसलमान गृहस्थ, पन्नाशीचा. तेल फडक्यातून गाळून घेतल्याशिवाय टाकीत ओतत नसे, आणि त्यात वेळ जातो म्हणून तात्यांशी त्याची वाजली होती. तात्यांनी त्याला आठ दिवसांपूर्वी काढून टाकलं. जाता जाता त्यानं इंजिनातला काही भाग चोरून नेला, अशी फिर्याद. मी ती लिहून घेतली.

दुपारी हवालदारानं खबर आणली. खंडेनवमीच्या दिवशी तो मिस्त्री हातात पिशवी घेऊन गुऱ्हाळाच्या बांधावर उभा असलेला गावच्या पाटलानं पाहिला होता. आज तो इंदापूरच्या मोटारअड्ड्यावर सोलापूरच्या गाडीची वाट पाहत होता. तिथल्या ठाण्याला निरोप गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई त्याला घेऊन आला. पिशवी पंचांसमक्ष उघडली. नट फिरवायचे पाने, कानस, आणि चिंधीत गुंडाळलेला पोलादी नोझल, म्हणजे ज्यातून तेल इंजिनात फवारलं जातं तो भाग. मला वाटलं, झालं काम.

चौकशीला तो बसला नाही, उभाच राहिला. नोझल झिजलेला आहे, गेल्या साली मीच बदलला, असं त्याचं म्हणणं. सोलापुरास का निघाला होतास, तर तिथं एका गिरणीत इंजिनावर जागा होती. आणि बांधावर कशाला गेला होतास, हे विचारल्यावर त्यानं सांगितलं,

"नारळ घेऊन गेलो हुतो, साहेब. सात वर्सं त्या इंजिनाला खंडेनवमीचा नारळ मीच फोडलाय. औंदा काढून टाकलेला माणूस. बांधावरनंच माघारी आलो."

मी हसलो असेन. तो म्हणाला, "मला आत घाला, मी न्हाय म्हनत न्हाय. पन चोर म्हून एकदा नाव झालं की कुनी मला इंजिनापाशी उभं करनार न्हाय. आधी तितं दुसरा नोझल हाय का नाय, तेवडं बघा."

मागणी रास्त होती. आम्ही पणदऱ्याला गेलो. गुऱ्हाळावर उसाच्या मोळ्या रचून पडल्या होत्या आणि गडी सावलीला बसून होते. तात्यांचे वडील, आबा, चिलीम ओढत खांबाशी टेकले होते. नोझल इंजिनात जागेवर होता. तरी तात्या हटेनात. चोरी नसेल तर बिघाड केला असेल, त्याला इंजिनाला हात लावू देऊ नका, म्हणाले. तेव्हा मी ठरवलं: मिस्त्री हात पाठीमागे बांधून लांब उभा राहील, सांगेल तो, करीन मी.

कोट काढून मी पाना घेतला. मिस्त्रीनं आधी गड्यांना चाक फिरवायला लावलं. ठराविक जागी आलं की चाक त्यांना माघारी ढकलत होतं. "दाब हाय. आतलं समदं शाबूत हाय," तो म्हणाला. मग हवा घ्यायच्या तोंडाशी मला हात धरायला सांगितला. चाक फिरताना हात ओढला जात होता. तीही वाट मोकळी. पुन्हा चाक फिरवून त्यानं छपरावरच्या धुराड्याकडे पाहायला सांगितलं. धूर म्हणून नाही.

"तेल पोचलं आसतं तर थोडा पांडरा धूर आला आसता. टाकी भरलेली हाय, मग वाटंत काय हाय?"

तेलपंपाचा हातदांडा मी हलवला. चांगल्या इंजिनात तेव्हा नोझल किर्र असा आवाज करतो, असं तो म्हणाला. आम्ही सारे कान देऊन उभे. काही नाही. दांडाही मऊ लागत होता, पाण्यात हात घातल्यासारखा. त्यानं नळीचं टोपण दोन आटे सैल करायला सांगितलं. केलं, आणि फेस आला. बुडबुडे, आणि बुडबुड्यांमागून बुडबुडे.

हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. हे मी कॉलेजात परीक्षेला लिहिलं होतं. पंपाचा सगळा जोर त्या हवेवर वाया जात होता. पण बंद नळीत हवा शिरली कशी? कोणीतरी नळी सोडवल्याशिवाय नाही. तात्यांनी मिस्त्रीकडे बोट केलं.

मिस्त्री मात्र नळीकडे बघत होता. "साहेब, माजी नळी काळी हुती. ही देव्हाऱ्यातल्या तांब्यावानी चकाकतीया."

मी गड्यांना विचारलं, इथं कोणी काम केलं का? सगळे नाही म्हणाले. सणाचे दोन्ही दिवस काम बंदच होतं. मग मी आबांकडे वळलो. पूजा कोणी केली, आबा?

"मीच की. चिंच लावून समद्या नळ्या घासल्या. एकेक सोडवून, आन् परत घट्ट बशिवल्या. देवाला काळ्या नळ्या दावायच्या व्हय?"

मग दोन दिवस सांगितलं का नाही?

"त्ये काय काम हाय? पूजा हाय ती."

आबांनी नळ्या घट्टच बसवल्या होत्या, त्यात खोट नव्हती. आत राहिलेली हवा बाहेर काढावी लागते, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. बुडबुडे संपून सरळ तेल येईपर्यंत मी दांडा मारला, टोपण आवळलं. नोझल किर्र बोलला. गड्यांनी चाक फिरवलं, आणि तिसऱ्या फेऱ्याला इंजिनानं असा ठोका दिला की झाडावरचे कावळे उडाले. चरकातून रस वाहू लागला.

तात्या मान खाली घालून मिस्त्रीला म्हणाले, उद्यापासून ये. मिस्त्री माझ्याकडे वळला. मला म्हणाला, "त्या कागदावर माजं नाव लिवलंय, त्ये खोडा."

लिहिलेली फिर्याद खोडता येत नाही, हे मी त्याला समजावलं. तिच्याखाली काय लिहायचं तेवढं माझ्या हातात होतं. "मग त्ये हितंच वाचून दावा," तो म्हणाला. "मला चोर हितंच म्हनाले." मी तिथंच मोळीवर बसून लिहिलं: चोरी झालेली नाही, फिर्याद गैरसमजातून दिलेली आहे, मिस्त्रीवर कोणताही दोष नाही. इंजिनाच्या आवाजात सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं दोनदा वाचलं. आबांनी चिलीम खाली ठेवली आणि आत जाऊन एक नारळ आणला. तो मिस्त्रीच्या हातात दिला. यंदाचा राहिलाय, एवढंच म्हणाले. मिस्त्रीनं तो चाकाच्या पायाशी फोडला आणि मगच दुसऱ्या दिवशी येण्याचं कबूल केलं.

मी दोन दिवस विचारत होतो, कोणी काय बिघडवलं. या प्रश्नाला सगळ्यांनी खरं उत्तर दिलं आणि तरी मी निरपराध माणसाला धरून बसलो होतो. वाईट केलेलं लोक लपवतात. चांगलं केलेलं त्यांना सांगण्यासारखंच वाटत नाही. त्यानंतर प्रत्येक तपासात मी एक प्रश्न वाढवला: इथं अलीकडं कोणी काही चांगलं केलंय का? पुष्कळ गुन्हे त्या प्रश्नानं उलगडले.

पुढल्या खंडेनवमीला ठाण्यात गेलो तर बंदुका आरशासारख्या चकाकत होत्या. हवालदार शाबासकीची वाट बघत उभा होता. मी ती दिली, आणि मग विचारलं, "छान. आता सांग, काय काय सोडवून घासलंस?"