सासूबाईंचा रोल

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, उभी हयात लोकांना ‘हनुवटी खाली, खांदे सरळ’ सांगण्यात घालवली. कोपऱ्यावरच्या स्टुडिओत ते ओळखपत्रांचे फोटो काढायचे. समोरचा हसला की त्यांना राग यायचा, कारण ऑफिसात हसरा फोटो चालत नाही. स्टुडिओ बंद झाला तरी खोड गेली नाही. मी चहा घेऊन खोलीत गेले, तर ते आधी माझ्या तोंडावर उजेड कुठून पडतोय ते बघतात आणि मग कपाकडे.

सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली. आजारपणात एकदा गच्चीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. म्हणाल्या, “मोबाइलवर नको. तुमच्या त्या जुन्या कॅमेऱ्यानं काढा माझे फोटो.” बाबांनी घरात उरलेला कृष्णधवल रोल भरला आणि संपेपर्यंत फोटो काढले. एरवी त्या प्रत्येक फोटोत कडेला अर्ध्या कापलेल्या. जगाचे फोटो काढणाऱ्याला बायकोचा काढायला कधी सवड झाली नाही. पुढच्याच आठवड्यात त्या गेल्या आणि रोल कपाटात राहिला. बाबा रडले नाहीत. आलेल्यांना खुर्च्या देत राहिले. घरात कोणीच त्या रोलचं नाव काढलं नाही.

यंदा एका सकाळी म्हणाले, “तो रोल धुवायला हवा.” गॅस संपलाय, असं सांगावं त्या सुरात.

पण रोल धुऊन देणारी दुकानं कधीच बंद झाली होती. बाबांनी स्वतः धुऊनही जमाना झाला होता. शिवाय इतका जुना रोल औषधात किती वेळ ठेवायचा, हे त्यांना खात्रीनं सांगता येईना. एकदा चुकलं की फोटो कायमचे गेले. म्हणून इंटरनेट, आणि लॅपटॉप चालवायला मी.

तिथे तर काय, सल्ले देणाऱ्या व्हिडिओंचं नुसतं पीक! एक म्हणतो वेळ वाढवा, दुसरा म्हणतो वाढवलात तर वाटोळं. तिसऱ्यानं औषधाऐवजी कॉफी पावडर आणि धुण्याचा सोडा सांगितला.

“हा रोल धुतोय की पाहुणे आलेत त्याच्याकडे?” मी म्हटलं.

बाबा हसले नाहीत. “आवाज बंद कर. हात बघू त्याचे.”

त्यांची पारख अशी. बोलणं ऐकायचंच नाही. नखं बघायची. “किती गोरीपान बोटं! यानं औषधात कधी हात घातलेला नाही. पुढचा.” मग खालच्या प्रतिक्रिया मला वाचायला लावायचे. कोणी अडचण विचारली तर हा उत्तर देतो की नुसते हात जोडून पळतो? आपले बिघडलेले रोल दाखवतो का? लाखो लोकांनी बघितलेला एक पठ्ठ्या त्यांनी अर्ध्या मिनिटात निकालात काढला. “याचं कधीच काही बिघडत नाही. खोटारडा आहे.”

शेवटी एक सापडला. मख्ख चेहरा, तपकिरी नखं, बघणारे जेमतेम. त्यानं आपले वाया गेलेले रोल ओळीनं टांगून, कुठे पाणी गरम झालं नि कुठे वेळ चुकली, ते सांगितलं होतं. बाबांनी तो व्हिडिओ इतक्यांदा लावायला लावला की मला त्या माणसाची खोकण्याची जागासुद्धा पाठ झाली. तरी विश्वास नाही. सासूबाईंच्या रोलच्याच पाकिटातला एक कोरा रोल उरला होता. त्यावर पाण्याची टाकी, वाळत घातलेले कपडे आणि वैतागलेली मी, असे फोटो काढून तो त्याच्या पद्धतीनं धुतला. सगळं स्वच्छ उमटलं.

“माणूस खरा आहे,” बाबा म्हणाले. यापेक्षा जास्त कौतुक मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलेलं नाही.

मग सासूबाईंचा रोल. न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी ठोकली. मी दाराबाहेर घड्याळ धरून उभी. खूप वेळानं बाबांनी दार उघडलं. ओली फिल्म दोरीला लटकत होती. वरचं टोक सोडलं तर सगळी कोरी.

“मेल्यानं फसवलं!” मी ओरडले.

“ओरडू नकोस. कडेचे आकडे बघ.” फिल्मच्या कडेला बारीक काळे आकडे होते, सुबक. “ते कंपनीनंच छापलेले असतात. धुण्यात चूक असती तर तेही दिसले नसते. धुलाई उत्तम झालीय.” मग त्यांनी वरचं काळंकुट्ट टोक बोटात धरलं. “हे टोक कॅमेऱ्याच्या चक्रीत अडकवायचं असतं. मी अडकवलं नाही. ती म्हणत होती, लवकर करा, मी दमले. मी बटण दाबत राहिलो, कॅमेऱ्यावरचा आकडा पुढे जात राहिला, पण आत फिल्म हललीच नाही. सगळे फोटो या टोकावरच पडले, एकावर एक. आणि याला भरतानाच उजेड लागलेला असतो.”

मला रडू यायला हवं होतं, आलं नाही. मी घड्याळ बंद केलं.

बाबांनी साबणानं हात धुतले, पुसले आणि लॅपटॉपसमोर येऊन बसले.

“त्या माणसाला लिही. तुमची पद्धत अगदी बरोबर आहे. आमचा रोल व्यवस्थित धुतला गेला.”

मी लिहिलं. त्याचं उत्तर लगेच आलं. बहुधा त्याला कोणी लिहीतच नसावं. “फार आनंद झाला. एखादा फोटो दाखवा ना!”

मी पडदा बाबांकडे वळवला. त्यांनी ते सावकाश वाचलं.

“त्याला सांग,” ते म्हणाले, “घरचे फोटो आहेत. आम्ही बाहेर दाखवत नाही.”