कृपा फुकट, पुलाव मात्र सभेनंतर

चाकणला फिरायला कुणी जात नाही. तिकडे लोक शिफ्टला जातात. मी गेल्या महिन्यात एका रविवारी गेले, कारण तिथे आमच्या चर्चच्या मंडळीची जागृती सभा होती आणि मला साक्ष द्यायची होती. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते माइकवर सांगणं. मी काय सांगायचं तेही ठरलेलं होतं, फक्त मला न विचारता.

माझा नवरा विलास दीड वर्षापूर्वी गेला. चाकणच्याच एका कारखान्यात प्रेस मशीनवर होता. उपासनेला फारसा दिसायचा नाही, कारण रविवारी तो दुसऱ्याच कुणाची तरी शिफ्ट करत असायचा. कुणाच्या गावची जत्रा, कुणाच्या बहिणीचा साखरपुडा. दफनाच्या वेळी मी पाळकांना म्हटलं, एवढं तरी बोला त्याच्याबद्दल. ते म्हणाले, "भगिनी, तारण कर्मांनी नसतं. कृपेनं, विश्वासाच्या द्वारे असतं." बरोबर आहे. माझी शाळा सातवीत सुटली, पण रद्दीच्या दुकानातून आणून मीही बरंच वाचलंय. काम नसलेला विश्वास म्हणजे मढं, हेही त्याच शास्त्रात आहे. पाळकांच्या प्रतीत ते पान चिकटलेलं असावं.

आता त्यांना हवं होतं की विलासनं दवाखान्यात अखेरच्या घडीला प्रभूला स्वीकारलं, असं मी सांगावं. ही गोष्ट त्यांना माझ्या नणंदेनं, सुषमानं सांगितली होती. तिला ती खरी व्हायला हवी होती. "वहिनी, तू एकदा सगळ्यांसमोर बोललीस की दादा सुटला," ती सारखी म्हणायची.

वाटेचं सांगते; सुषमाही बरोबर होती. काळेवाडीहून पिंपरी, तिथून भोसरी, भोसरीहून चाकणची बस. रविवारी मोशीपर्यंत बसायला मिळतं, इतर दिवशी आशा धरू नका. चाकणच्या चौकात कंटेनर असे आडवे पडलेले असतात की बसमधून उतरून मिसळ खाऊन या, बस तिथेच सापडते. आम्ही तसंच केलं. तर्री वेगळी मागा. रिक्षा सोडली तर दोघींचं तीनशेत भागतं.

पुढे म्हाळुंग्याच्या बाजूला रिक्षा केली. रिक्षावाला तिथल्याच गावचा.

"कंपनीत का, मावशी?"

"सभेला. येशूच्या."

"त्या निळ्या शेडात व्हय? जेवान लई झ्याक असतंय म्हणत्यात. पर आधी तीन तास बसवत्यात. उठू देत न्हाईत."

सुषमा चिडली. मला हसू आलं.

शेड म्हणजे बंद पडलेला कारखाना. तेलकट जमिनीवर लाल गालिचा अंथरलेला. स्टेजमागच्या फ्लेक्सवर क्रूस होता, पण शोधावा लागला. पाळकांचा फोटो शोधावा लागला नाही. बाहेरून आलेले प्रचारक घसा ताणून सांगत होते, "तुम्ही काहीही करा, कृपा विकत मिळत नाही! ती फुकट आहे! फुकट!"

त्याच वेळी मागे, पुलावाच्या डेगांपाशी, शेजारच्या कंपनीतले चार कंत्राटी कामगार डबे घेऊन उभे होते. बिल्ला लावलेला आमचा स्वयंसेवक त्यांना सांगत होता, "पहले वचन, फिर खाना."

"भैया, दो बजे शिफ्ट है."

"तो बैठिए ना. प्रभु समय निकालेगा."

प्रभूनं काढला असता, सुपरवायझरनं काढला नसता. चौघे रिकामे डबे घेऊन गेले. मी बघत बसले. उठले नाही. माझा नंबर जवळ आला होता ना.

पाळकांनी पुकारलं, "आपली भगिनी सांगेल, अखेरच्या घडीला प्रभूनं तिच्या पतीला कसं तारलं. बोला हालेलुया!"

मी माइक धरला आणि म्हणाले, "शेवटचे सहा दिवस त्याच्या तोंडात नळी होती. तो काही बोलला नाही. डोळेही उघडले नाहीत."

पाळक जवळ सरकले. "भगिनी, विश्वासानं बोला."

"विश्वासानंच बोलतेय. तो लोकांच्या शिफ्ट करायचा आणि पगार झाला की प्यायचा. सख्ख्या भावाशी नऊ वर्षं बोलला नाही. भाऊ दारात आला तर आतून कडी लावली. नुसत्या कामांवर सोडला तर तो तरत नाही. म्हणून कृपेची गरज मला तुमच्यापेक्षा जास्त आहे. पण ती फुकट आहे ना? मग माझ्याकडून दाखला कशाला मागता?"

कीबोर्डवाल्यानं लगेच गाणं सुरू केलं. "भगिनी दुःखात आहे," पाळक म्हणाले, आणि माझ्यासाठी प्रार्थना झाली. लांबलचक. पुलाव चांगला होता. मीही खाल्ला, खोटं कशाला सांगू.

परतीच्या बसमध्ये सुषमा दुसऱ्या सीटवर जाऊन बसली. काळेवाडीला उतरल्यावर मात्र माझ्या मागून जिना चढली. मी चहा ठेवला.

"तू खोटं बोलायला हवं होतंस, वहिनी."

"बोलणारच होते गं. माइकपाशी जाईपर्यंत तेच पाठ होतं."

"मग?"

"माझ्या खोट्यानं तो सुटला, तर ती माझी करणी झाली. देवाची कृपा कुठं राहिली त्यात?"

तिनं चहावरची साय बोटानं बाजूला काढली. मग म्हणाली, "पण मग दादा कुठं असेल?"

"माहीत नाही."

या सहलीतून काय आणलं म्हणाल, तर हे 'माहीत नाही'. आधी सुषमा एकटी भीत होती, मी पुस्तकं वाचत होते. आता दोघी भितो. मंडळीच्या बायकांनी मला बोलावणं सोडलंय, पण सुषमा कामावरून सुटली की येते. आम्ही खिडकीपाशी बसून प्रार्थना करतो. त्याच्या शिफ्ट सांगत नाही, दारू लपवत नाही. त्याला घे, एवढंच म्हणतो. कारण देत नाही.