चिमणीच्या नावाचा मालक

तान्ह्या बाळांची झबली शिवणाऱ्या बाईला सगळी गल्ली चिमणी म्हणायची. नाव ठेवलं होतं तिच्या मोठ्या भावानं, दादानं. तेच नाव विणलेली पट्टी ती झबल्याच्या गळ्याशी लावायची. बघता बघता गिऱ्हाइकं ‘चिमणीचं झबलं द्या’ म्हणायला लागली.

ते नाव नोंदवायला ती सरकारी कचेरीत गेली, तेव्हा कारकुनानं विचारलं, "मालक कोण?"

घरातल्या कुठल्याही कागदावर मोठ्याचं नाव आधी, हे तिच्या अंगात मुरलेलं. "दादाचं लिहा की!"

दादानं झोकात सही ठोकली. सुईत दोरा ओवता येत नव्हता त्याला, पण झाला मालक.

वर्षभरात दादाचं उजवं अंग लुळं पडलं. आणि नेमकं तेव्हाच एका मोठ्या दुकानानं तिची झबली मागितली. अट एकच, नोंदणीचा कागद तिच्या नावावर हवा. शनिवारपर्यंत.

चिमणी पुन्हा त्याच कारकुनापुढे उभी राहिली. त्यानं मालकी बदलायच्या कागदावरची दादाची नवी, डाव्या हातानं केलेली सही जुन्या सहीशेजारी धरली. "बाई, जुळत नाही."

"माणूस तोच आहे हो. हात तेवढा तोच राहिला नाही."

"मग अंगठा द्या. पण इथे येऊन, साहेबांसमोर."

"तो उशीला टेकून बसतो तेच नशीब. तीन जिने कसा उतरेल?"

"घरी माणूस पाठवतो आम्ही. अर्ज करा, दोन महिन्यांत नंबर लागेल." कारकून वाईट नव्हता बिचारा. त्यानं तिला पाणीसुद्धा दिलं.

घरी दादानं हट्टच धरला. डाव्या हातानं जुन्या कॅलेंडरची पानं सह्यांनी भरून काढली. एक सही दुसरीला ओळख दाखवेल तर शपथ!

शनिवारी दुकानाचा माणूस आला. "झबली घेतो, मावशी. पण तुमची पट्टी उसवून द्या. आमची लावू."

नाही म्हणायची सोय नव्हती. चिमणी खिडकीशी ब्लेड घेऊन बसली. चाळीस झबली, चाळीस पट्ट्या. टाके तिचेच, बारीक आणि पक्के, सुटता सुटेनात.

"चिमणे," खाटेवरून दादानं पान उंचावलं, "ही बघ गं. ही तरी जमली का?"

"जमली रे दादा," ती म्हणाली. मान वर न करता तिनं पुढचं झबलं ओढलं.