काळोखातला दुसरा अंक

नलिनी साटमला नाटक बघायला कुणाची सोबत लागत नसे. उलट सोबत असली की तिची पंचाईत व्हायची. बरोबरच्या माणसाला मध्येच तहान लागते, जांभया येतात, आणि शेवटचं वाक्य बाकी असताना खुर्चीखाली चपला शोधाव्याशा वाटतात. घाटकोपरच्या भटवाडीत, चाळीतल्या एका खोलीत तिचं बिऱ्हाड होतं. भांडुपच्या औषधांच्या कंपनीत ती पॅकिंगला होती. आठवडाभर बाटल्यांना लेबलं चिकटताना बघायची आणि रविवारी दुपारी बसने मुलुंडला जायची. तिथलं नाट्यगृह तेव्हा नवंकोरं होतं. बाल्कनीची पहिली रांग, डावा कोपरा ही तिची जागा. बुकिंगवरचा माणूस तिला बघितलं की न विचारता त्या बाजूचं तिकीट फाडायचा. संगीत नाटक असलं तर पद सुरू होण्याआधीच ती कठड्यावर कोपर टेकून पुढे वाकायची, आणि गाणाऱ्याने तान फिरवून अलगद समेवर आणली की वरून पहिली दाद तिचीच जायची.

नाटक बघून आलं की ते तिच्या पोटात राहत नसे. सोमवारी सकाळी नळावर हंडा लावता लावता ती सगळं नाटक बायकांना करून दाखवायची. नटाचा आवाज, नटीची मान, पडद्यामागून येणारी भांड्यांची आदळआपट, सगळं. ज्या बायकांनी जन्मात नाट्यगृहाची पायरी चढली नव्हती, त्या नलिनीच्या जिवावर दर हंगामाची नाटकं बघत होत्या.

याच सवयीने चौऱ्याऐंशी साली तिला गोत्यात आणलं.

त्या वर्षी ‘आप्पांचं उद्घाटन’ नावाचं नवं नाटक आलं होतं. त्यातले आप्पा म्हणजे वॉर्डातले पुढारी. ते एका वस्तीत पाण्याचा नळ बसवतात, नारळ फोडतात, फोटो काढून घेतात, आणि संध्याकाळी तोच नळ काढून पुढच्या गल्लीत दुसऱ्या उद्घाटनाला नेतात. नलिनीने नळावर आप्पांची चाल करून दाखवली तेव्हा बायका हसून बेजार झाल्या. शेजारची नंदा हंडा तसाच वाहता ठेवून म्हणाली, "अगं, हा तर आपला भाऊच की."

ते खोटं नव्हतं. वॉर्डातले पुढारी भाऊ दळवी यांनी मागच्या वर्षी भटवाडीत रस्त्याचा दिवा बसवला होता. फोटो छापून आल्यावर तो दिवा वरच्या आळीत गेला, तो परत आलाच नाही. नळावरचं बोलणं संध्याकाळपर्यंत वाडीतल्या गणपती मंडळाच्या कॅरमच्या खोलीत पोचलं. तिथून भाऊंच्या कानावर जायला कितीसा वेळ? भाऊंनी नाटक बघितलं नव्हतं. पण मुलुंडच्या कुणी नाटकवाल्याने आपली टिंगल मांडली आहे आणि अख्खी वाडी हसते आहे, एवढं त्यांना पुरलं. पुढच्या वर्षी महापालिकेची निवडणूक होती, आणि भाऊ उभे राहणार होते.

शनिवारी मंडळाची बैठक झाली. नलिनीचा नवरा दत्ताराम तिथून आला. जेवण झालं, त्याने हात धुतले, आणि पाठमोरा राहूनच म्हणाला, "उद्या नाटकाला जायचं नाही."

"का?"

"सांगितलं ना. नाही जायचं."

दत्ताराम मिलमध्ये वायरमन होता. संप झाला, मिल पुन्हा उघडलीच नाही, आणि दीडेक वर्ष तो दारात बसून होता. भाऊंनी शब्द टाकला म्हणून पंतनगरच्या एका सोसायटीत त्याला पंप चालवायचं काम लागलं. त्या बदल्यात भाऊंनी काही मागितलं नव्हतं. मंडळाची गणपतीतली रोषणाई तेवढी तो करायचा. भाऊंचं नाव निघालं की दत्तारामचा आवाज खाली यायचा, हे नलिनीच्या लक्षात आलेलं होतं.

"प्रयोग बंद पाडणार आहात?" तिने विचारलं.

"नाटकवाले फार माजलेत, असं भाऊ म्हणतात."

"भाऊंनी बघितलंय नाटक?"

दत्ताराम अंथरूण घालायला लागला. रविवारी जेवण होताच तो पक्कड आणि पेचकस पिशवीत टाकून बाहेर पडला. सोसायटीचा पंप बिघडलाय, म्हणाला.

नलिनी खोलीत एकटी बसून राहिली. जाऊ नये असं तिला वाटत होतं. पण ही आग आपल्या तोंडून लागली, हेही तिला कळत होतं. त्या नटनट्यांनी भाऊ दळवी हे नाव ऐकलंसुद्धा नसेल. आपण नळावर नक्कल केली, आणि आता त्यांच्यावर दगड पडणार. सांगायचं तरी कुणाला? तिने साडी बदलली, खोलीला कुलूप लावलं आणि मुलुंडची बस धरली.

नाट्यगृहाच्या दाराशी तिने मॅनेजरला गाठलं. श्यामकांत नावाचे चष्मेवाले, सदा घाईतले गृहस्थ. "आज काही पोरं येतील गोंधळ घालायला," ती म्हणाली. ते म्हणाले, "बाई, रोज कोणीतरी येतंच. पोलीस चौकी समोरच आहे. तुम्ही बसा." रविवार असल्यामुळे हाऊस फुल्ल होतं. तिसरी घंटा झाली, उदाचा वास वरपर्यंत आला. एरवी त्या वासाने तिला सुटी लागल्यासारखं वाटायचं. त्या दिवशी ती कठड्यावरून वाकून खाली येणाऱ्यांचे चेहरे बघत होती.

पहिला अंक तिने बघितला म्हणायचा एवढंच. नजर सारखी खाली, दारांकडे. लोक खळखळून हसत होते, आणि प्रत्येक हशानंतर तिला वाटायचं, आता. मध्यंतरात ती खाली उतरली तर वड्यांच्या काउंटरपाशी मंडळाचा गुणाजी उभा दिसला. बरोबर भटवाडीतली चारदोन पोरं. कुणाच्याही हातात तिकीट नव्हतं, वडाही नव्हता. दत्ताराम कुठे दिसेना. ती तशीच मागे फिरली.

दुसरा अंक सुरू झाला. आप्पा नारळ घेऊन नळापुढे उभे राहिले आणि खालच्या दारातून आरोळी आली, "बंद करा हे." पाठोपाठ आणखी दोन आवाज. काहीतरी रंगमंचावर येऊन आदळलं, पायताण असावं. आप्पांचं काम करणारा नट दोन पावलं मागे सरला. प्रेक्षकांत कुजबूज उठली, पुढच्या रांगेतली काही माणसं उभी राहिली.

आप्पांच्या बायकोच्या कामात सुहासिनीबाई होत्या. पन्नाशीच्या, अंगाने भरलेल्या, आवाज खणखणीत. त्या नळाच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या. "ज्यांना जायचंय त्यांनी जावं," त्या शांतपणे म्हणाल्या. "ज्यांना बघायचंय त्यांनी बसावं. आम्ही इथेच आहोत."

आणि सगळे दिवे गेले.

रंगमंचावरचे गेले, प्रेक्षागृहातले गेले, दारांवरचे लाल दिवेसुद्धा गेले. पंखे घरघरत थांबले. पडदे ओढलेले, बाहेरच्या उन्हाची तिरीपही आत येत नव्हती. मग कुठेतरी एक पोर रडायला लागलं, आणि बाहेरून दारांवर थापा पडू लागल्या.

नलिनी वायरमनची बायको होती. नुसता एखादा फ्यूज उडाला तर दारावरचे दिवे जात नाहीत, एवढं तिला कळत होतं. हे मेनवरून काढलं होतं. कुणी काढलं तेही तिला कळलं.

"आम्हाला पाठ आहे," काळोखातून सुहासिनीबाईंचा आवाज आला. "तुम्ही ऐकणार असाल तर आम्ही बोलतो."

खुर्च्या करकरत होत्या, लोक उठत होते. नलिनीने कठडा घट्ट धरला.

"बोला," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला, म्हणून पुन्हा म्हणाली, "बोला, बाई. आम्ही बसलोय."

खालून एक पुरुषी आवाज म्हणाला, "हां, बोला." मग आणखी कुणी. उठलेल्यांपैकी बरेच जण बसल्याचं खुर्च्यांच्या आवाजावरून कळलं. आणि त्या मिट्ट काळोखात दुसरा अंक पुढे सुरू झाला. आप्पांचा आवाज आधी कापरा होता, मग सावरला. नारळ फुटला तो फक्त ऐकू आला. लोक हसले.

पण सगळे बसले नव्हते. नलिनीच्या मागे माणसं भिंत चाचपत जिन्याकडे सरकत होती. कोणीतरी कुणाच्या पायावर पाय दिला, शिवी आली. थापा वाढल्या. हे असंच चाललं आणि एकानेही ‘आग’ म्हणून हाक दिली, तर जिन्यावर काय होईल ते तिच्या डोळ्यांपुढे आलं. ऐकावं असं नाटक समोर चाललं होतं, तिच्याच शब्दाने सुरू झालं होतं, आणि तिला उठावं लागलं. ती कठडा धरून, मग भिंत धरून, जिना उतरली.

बाहेर डोळे दिपतील असं ऊन होतं. नाट्यगृहाला वळसा घालून ती मागच्या बोळात गेली. मीटरच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. दारात गुणाजी, आत दत्ताराम. त्याच्या हातात मेनचे फ्यूज होते.

तिला बघून दत्तारामचा चेहरा उतरला. "तू हय कित्याक इलंस?" संतापला किंवा घाबरला की त्याच्या तोंडी गावची बोली यायची. आत्ता कशाने आली ते तिला कळलं नाही.

"लावा ते," ती म्हणाली.

"वहिनी, तुम्ही यात पडू नका," गुणाजी म्हणाला. "भाऊंनी सांगितलंय. लोक बाहेर पडले की लावू."

"लोक बाहेर पडत नाहीयेत. आत बसून नाटक ऐकतायत."

गुणाजी हसला. "काळोखात?"

तेवढ्यात भिंतीपलीकडून हशा आला, भरलेल्या नाट्यगृहाचा. गुणाजीचं हसू मावळलं. दत्ताराम भिंतीकडे बघत राहिला.

"बायका आहेत, पोरं आहेत आत," नलिनी म्हणाली. "जिन्यावर माणसं चाचपडतायत. कुणी पडलं तर भाऊ येणारेत का पोलिसांत जबाब द्यायला? फ्यूज तुमच्या हातात आहेत."

"दत्ताराम," गुणाजी म्हणाला, "पंपाचं काम कुणी दिलं, ते विसरू नकोस."

दत्तारामने फ्यूज मुठीत आवळले. नलिनीला वाटलं, आता हा मला घरी जा म्हणेल, आणि आपण तरी काय करणार? मग आतून धप्पकन आवाज झाला, जिन्यावर काहीतरी जड गडगडत गेल्याचा, आणि एक बाई किंचाळली.

दत्ताराम वळला. मेनचा खटका आधीच खाली होता, तरी त्याने सवयीने तो एकदा बघून घेतला. एक एक करून फ्यूज जागेवर बसवले आणि खटका वर केला. खोलीतला दिवा लागला. गुणाजी त्याच्याकडे बघत राहिला. "वाट लावलीस तू स्वतःची," एवढं म्हणून तो पोरांना घेऊन निघून गेला. पोलीस त्यानंतर आले.

नलिनी धावत बाल्कनीच्या जिन्याकडे गेली. एक म्हातारे गृहस्थ पायरीवर बसले होते, हात पोटाशी धरून. मनगट मोडलं असावं. त्यांची सून रडत होती. नलिनीने पदराची पट्टी फाडून हात बांधला, कुणाला तरी पाणी आणायला पिटाळलं, आणि रिक्षा येईपर्यंत ती त्यांच्याजवळ पायरीवर बसून राहिली. बंद दारातून दुसरा अंक ऐकू येत होता. म्हातारबुवा विव्हळता विव्हळता म्हणाले, "बाई बोलते मात्र छान." नलिनीला हो म्हणवेना. तिने पट्टीची गाठ पुन्हा एकदा घट्ट केली.

नाटक संपायला ती थांबली नाही. बसस्टॉपवर दत्ताराम उभा होता, पिशवी काखेत धरून.

"कोण पडलं?"

"एक आजोबा. हात मोडला."

"मला वाटलं, दिवे गेले की लोक उठून जातील," तो म्हणाला. "मिलमध्ये दिवे गेले की सगळे उठायचे."

बस आली. दोघं एका बाकावर बसून घरी आले.

सोमवारी सोसायटीच्या सेक्रेटरीने त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. गणपतीत मंडळाची रोषणाई दुसऱ्याने केली. भाऊ स्वतः एक अक्षर बोलले नाहीत. रस्त्यात भेटले की नलिनीला नमस्कार करत, आणि त्या नमस्काराची तिला भीती वाटे. ते वर्ष कठीण गेलं. नळावर बायका गप्पा मारता मारता तिला बघून थांबत. दत्ताराम घरोघरी वायरिंगची किरकोळ कामं करू लागला, आणि हळूहळू त्याच्याच नावाने कामं येऊ लागली. निवडणुकीत भाऊ निवडून आले ते आलेच.

त्या रविवारबद्दल दोघं महिनोन्‌महिने बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी पक्कड पुसता पुसता दत्ताराम म्हणाला, "त्या आप्पाचं शेवटी होतं काय?"

"सांगणार नाही," नलिनी म्हणाली. "बघायला चला."

तो हसला नाही, नाहीही म्हणाला नाही. पण तो तयार होईपर्यंत नाटक बंद पडलं होतं. भाऊंमुळे नव्हे. पावसाळ्यात गर्दी ओसरली आणि निर्मात्याने नवं नाटक काढलं. मग त्या नव्याच नाटकाला ती त्याला घेऊन गेली. बाल्कनीत, डाव्या कोपऱ्यात. पहिल्या अंकात तो ताठ बसून दारांवरचे लाल दिवे बघत होता. दुसऱ्या अंकात त्याने पाण्याची बाटली मागितली. तिने डोळे रंगमंचावरून न काढता ती त्याच्या हातात दिली.