या खेपेचा उस्ताद

माझे सासरे कुणाच्या दारात उभे राहिले की आतल्या बाया घाबरून आधी विचारत, "कोण गेलं?" कारण ते बोडख्या डोक्याने हिंडत. आमच्या वऱ्हाडात त्या काळी भला माणूस पागोट्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसे. सुतक असेल किंवा वाईट निरोप आणला असेल, तरच डोकं उघडं. मामाजी हसून सांगत, "कोणी नाई गेलं व बाई. निशाण गेलं हाये. येईल."

निशाण म्हणजे पूर्णेच्या काठच्या जत्रेतल्या दंगलीचं. अमरावती आणि अकोला या दोन आखाड्यांच्या कुस्त्या तिथे होत आणि जिंकणारा आखाडा ते भगवं निशाण वर्षभर आपल्या मारुतीसमोर लावी. अकोल्याने ते नेलं त्या संध्याकाळी मामाजींनी अमरावतीच्या मारुतीसमोर पागोटं उतरवलं आणि आण घेतली की निशाण परत येईपर्यंत डोक्याला काही बांधणार नाही. त्यांना वाटलं होतं, वर्षभराचा प्रश्न आहे. अकोल्याने लागोपाठ पाच वर्षं ते परत दिलं नाही.

या पाच वर्षांत अमरावतीच्या आखाड्याने तीन उस्ताद आणले आणि तिन्ही खेपांना मामाजी बाजारभर सांगत सुटले, "या खेपेचा उस्ताद येगळा हाये." पहिला कमी बोलायचा. मामाजी म्हणाले, "पाह्यलं का? काम करणारा मानूस बोलत नाई." दुसरा फार बोलायचा. "याले इद्या येते, म्हणून बोलते." तिसरा सकाळी दुपारी मिळून चार माणसांचं जेवायचा, तर त्यातही त्यांना शुभशकुन दिसला. मी हिशेबी माणूस आहे. तीन उस्ताद आणि पाच हारी हा हिशेब मला तरी एकाच बाजूला झुकलेला दिसे. त्यांना दिसत नसे.

एकट्या मामाजींना तरी कशाला बोल लावावा? ते कापसाचे अडत्ये होते, आणि तिकडे अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून आमच्या रुईचा भाव दर आठवड्याला चढत होता. कालपर्यंत कापसातली सरकी काढायला रेचा फिरवणारे आज घोड्यावरून बाजारात येत. भाव रोज चढतो आहे म्हटल्यावर माणसांना जगातलं सगळंच चढतं असतं असं वाटू लागतं.

माझी सोयरीक त्यांच्या मुलीशी ठरली होती, आणि इथेच मी अडकलो. मी अकोल्याचा. माझे वडील अकोल्याच्या आखाड्यात रोज दूध पाठवणारे. बोडख्या डोक्याच्या बापाला कन्यादानाला बसता येत नाही, आणि व्याहीभेटीत व्याह्याला पागोटं बांधायचं तर ते बांधायचं कुठे? म्हणजे अकोल्याचा आखाडा हरल्याशिवाय माझं लग्न होणार नव्हतं. अकोल्यात मी मनातून अकोल्याचं वाईट चिंतत होतो आणि संध्याकाळी वडिलांबरोबर आखाड्याच्या कट्ट्यावर बसून आपल्या पैलवानांना शाबासकी देत होतो. गावातली पोरं मला विचारत, "काहून बे, कोणाकडून हायेस?" मी पाय उचलून पुढे निघे.

वडिलांनी एकदा भटजींना अमरावतीला नेऊन प्रायश्चित्ताची वाट काढून दिली होती. अकरा ब्राह्मण जेवू घालावेत आणि आण सुटली असं मानावं. मामाजींनी भटजींना पोटभर जेवू घातलं आणि म्हणाले, "बाकीचे दहाबी येऊन जेवू द्या महाराज. पण आण मारुतीसमोर घेतली हाये. तो काय जेवून मोकळं करते का मले?"

मग बऱ्हाणपूरचा उस्ताद आला. हा चौथा. मध्यम वयाचा, रुंद मानेचा, दोन्ही कान चुरगळून भज्यासारखे झालेले. आखाड्याने त्याच्या गळ्यात हार घातले, व्यापाऱ्यांनी बदाम आणि तूप लावून दिलं आणि त्याला चार शब्द बोलायला उभं केलं. तो म्हणाला, "पोरं चांगली हायेत, पण कच्ची हायेत. मले तीन वर्षं द्या." लोक एकमेकांकडे बघू लागले. मामाजी उठून म्हणाले, "मोठे लोक वाढवून सांगत असतात. तीन वर्षं म्हणजे तीन महिने समजा!" सगळा आखाडा हसला आणि टाळ्या पडल्या. उस्तादाने पुन्हा तोंड उघडलं, पण तोवर ढोल सुरू झाले होते.

त्या दिवसापासून तो माणूस आमच्यासारखाच अडकला. बाजारातून चालला की दुकानदार उठून विचारत, "काय उस्ताद, आणून राहिले ना निशाण?" तो नाही म्हणू शकत नसे. जेवायला मामाजींच्या घरी. वाढायला माझी होणारी बायको. तो तिला बेटी म्हणे. एकदा माझे वडील अमरावतीला गेले असता अंगणातच मामाजींना बोलले, "व्याही, पोरगी मोठी होऊन राहिली, लोक मले विचारतात. यंदाच्या जत्रेनंतर लगन नाही झालं त सोयरीक मोडली समजा." उस्ताद ओसरीवर जेवत होता. त्याने हातातला घास परत ताटात ठेवला, असं सासूबाई नंतर सांगत.

जत्रा भरली. होणारा जावई म्हणून मामाजींनी मला अमरावतीच्या बाजूला आपल्याजवळ बसवून घेतलं. समोर अकोल्याच्या बाजूला माझे वडील. दोघं एकाच वेळी माझ्याकडे बघत होते आणि मी जमिनीकडे बघत होतो. कुस्त्या बरोबरीत आल्या आणि निशाणाची शेवटची कुस्ती राहिली. अमरावतीचा विशीतला पोरगा आणि समोर अकोल्याचा थोरला पैलवान, ज्याची पाठ तोवर कुणी मातीला लागलेली पाहिली नव्हती.

थोरल्याने पोराला खाली घेतलं, मागून कंबर धरली आणि आता उलटवणार तोच पोरगा निसटला, वर आला आणि थोरला पाठीवर. क्षणभर कुणाचा विश्वास बसेना. मग आमच्या बाजूने जी आरोळी उठली ती अजून माझ्या कानात आहे. पागोटी उडाली, लोक कुस्तीच्या हौद्यात शिरले. मला तर नाचावंसं वाटलं. पण मामाजी बसूनच होते. त्यांनी माझं मनगट धरलं होतं.

"जवाईबापू," ते म्हणाले, "हात सुटला नाही. हात सोडला."

"काय?"

"नुरा कुस्ती झाली ही. ठरवून." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुमी हे ऐकलंच नाही, कोनाले सांगायचं नाही. शब्द द्या मले." मी शब्द दिला. दुसरं काय करणार होतो?

लोकांनी त्यांना उचलून आणलं. कुणीतरी नवंकोरं लाल पागोटं आणलं आणि त्यांच्या डोक्याला बांधायला हात उचलले. मामाजींनी ते हात मधेच थांबवले. उस्ताद समोरच उभा होता, खाली मान घालून. गर्दी एवढी दाटली होती की मी त्यांना अगदी चिकटून होतो, म्हणून ते त्याला काय म्हणाले ते मला ऐकू आलं. "तीन वर्षं मांगितली होती ना तुमी? घ्या." एवढंच. मग लोकांकडे वळून मोठ्याने बोलले, "माही आण तुमी पुरी ऐकली नाई. निशाण तीन साल आपल्याकडं राहिलं तरच पागोटं, असं बोललो होतो मी."

असं ते कधीच बोलले नव्हते. सगळ्यांना ठाऊक होतं. पण खरं कारण सांगितलं असतं तर त्या उस्तादाला वऱ्हाडातल्या कुठल्याच आखाड्यात कुणी उभं केलं नसतं. लोकांना वाटलं, म्हातारा बिथरला. माझे वडील गर्दीतून वाट काढत आले आणि सगळ्यांसमोर ओरडले, "व्याही, आण हाये का रुईचा भाव हाये, रोज बदलाले?" मामाजींनी हात जोडले. 

लग्न वैशाखात झालं. सोयरीक मोडली असती तर मुलीची बदनामी झाली असती, म्हणून मामाजींनीच वडिलांची पायधरणी करून मार्ग काढला. कन्यादानाला मुलीचा मामा बसला. व्याहीभेटही त्यानेच घेतली. मामाजी मांडवाबाहेर वऱ्हाडी मंडळींच्या बैलांना वैरण टाकत होते. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा अंतरपाटापलीकडे मुलगी रडत होती. पाहुण्या बाया म्हणाल्या, माहेर सुटतं म्हणून रडते.

तिने मला कारण नंतर सांगितलं, आणि पुढे संसारात कितीदा तरी ऐकवलं. "माह्या बापानं मले दुसऱ्याच्या हातानं दिली अन् निशाणाची आण ठेवली." आमच्या घरात कुस्तीचा विषय चालत नसे. मुलाने आखाड्यात जायचं म्हटलं तर तिने दोन दिवस जेवण सोडलं. माहेरी गेली की वडिलांच्या पाया पडे, त्यांना वाढे, विचारलं तेवढं बोले. ते उत्साहाने आखाड्याचं काही सांगू लागले की चुलीशी जाऊन बसे. मग मामाजी माझ्याकडे बघत आणि मी माझ्या शब्दाला बांधलेला. किती वेळा वाटलं, सांगून टाकावं. पण उस्ताद तिथेच ओसरीवर बसलेला असायचा.

कारण तो गेला नव्हता. अमेरिकेतली लढाई संपली, भाव कोसळला, हार घालणारे व्यापारी दिसेनासे झाले. बदाम बंद, तूप बंद. मामाजींनी त्याला घरातच ठेवून घेतलं आणि त्याने मागितलेली तीन वर्षं पुरी करून दिली. निशाण पुढच्याच जत्रेत अकोल्याने परत नेलं होतं आणि तिसऱ्या वर्षीही ते त्यांच्याकडेच राहिलं, पण त्या वर्षीची गोष्ट वेगळी. शेवटची कुस्ती एवढी चालली की दोन्ही पैलवान मातीने ओळखू येईनात. अमरावतीचा पोरगा हरला. मामाजी धूळभरल्या पायांनी माझ्याकडे आले, डोळे लकाकत होते. "पाह्यलं का जवाईबापू? कुस्ती झाली! पुढच्या साली पाहा. हा उस्ताद येगळा हाये, मी सांगतलं नव्हतं?"

पुढच्या सालीही निशाण आलं नाही. नंतर एकदा आलं, पण तेव्हा मामाजी अंथरुणाला खिळले होते. मी पागोटं आणू का विचारलं तर म्हणाले, "उशीवर काय पागोटं बांधता?" आणि कोणत्या पोराने कोणत्या डावावर जिंकली ते विचारत राहिले. त्याच पावसाळ्यात ते गेले.

तेरावं झाल्यावर माणसं पांगली. उस्ताद आता पुरता म्हातारा झाला होता. तो काठी टेकत आतल्या दारापर्यंत आला आणि माझ्या बायकोला म्हणाला, "बेटी, तुह्या लग्नाच्या साली जे निशाण आलं, ते मी मांगून आणलं होतं. अकोल्याच्या पैलवानाचे पाय धरले मी. तुहं लगन व्हावं म्हणून."

ती भांडी घासत होती. हात तसेच राहिले. "बाबाले माईत होतं?"

"त्याच घडीले."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मला वाटलं, आता बोलेल, आणि बोलली असती तर तो तिचा हक्कच होता. तिने हात धुतले, पदराला पुसले, भिंतीशी पाट मांडला आणि उस्तादाला हात धरून त्यावर बसवलं. मग त्याच्यासमोर जमिनीवर बसून म्हणाली, "आता ती कुस्ती सांगा मले. बाबा कुठं बसले होते, तेथून सांगा."