प्लास्टर निघाल्यावर काढलेले पहिले डोळे

मंडळी, आज दुपारी ढसाढसा रडले, पण आनंदानं!

शाहूपुरीत आमचं गणपतीच्या मूर्तींचं काम हाय. मूर्तीचे डोळे मी काढते. उन्हाळ्यात मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, तरी हात थरथरायचाच. नवरा म्हणाला, "यंदा दुसऱ्याकडनं काढून घेऊ की." मी नाही म्हटलं.

आज श्वास रोखून ब्रश टेकवला. डोळे झाल्यावर सासरे नेहमीसारखे मूर्तीसमोर डावीकडं गेले, उजवीकडं गेले. कुठंही उभं राहिलं तरी मूर्तीनं आपल्याकडंच बघायला पायजे, ही त्यांची परीक्षा.

"बघतोय की गं पोरी माझ्याकडं!"

हुश्श!

हे डोळे विसर्जनात विरघळणार, ठाऊक हाय. पण आज ते जमले नसते, तर विरघळले असते मीच.

तुमचं असं कुठलं काम हाय?