प्रेसखाली ठेवलेला नारळ

माझा धाकटा मुलगा जुन्या जीपगाड्या नव्यासारख्या करून देतो. गंजलेला पत्रा कापायचा आणि त्या जागी नवा घडवून बसवायचा, हा त्याचा व्यवसाय. त्यासाठी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका बंद कारखान्यातला वापरलेला पॉवर प्रेस त्याच्या मनात भरला होता. आमच्याकडे यंत्र घेण्यापूर्वी त्याच्यापुढे नारळ वाढवतात, म्हणून भिक्षुकी करणाऱ्या मला त्याने सोबत नेले.

प्रेस माझ्याहून उंच होता. वरचा ठोकळा खालच्या पोलादी बैठकीवर आदळला की जमीन हादरे. बोटे आत जाऊ नयेत म्हणून बसवलेली संरक्षक जाळी मात्र काढून टाकलेली होती.

“जाळी कुठे गेली?” मी विचारले.

“जाळीनं काम रेंगाळतंय की, गुरुजी,” कारखान्याचा मालक प्रेसवर थाप मारत हसला. “आज नारळ हा पैलवानच फोडंल, बघा.”

मला ते रुचले नाही. परंतु पूजेच्या वेळी वाद नको म्हणून मी मंत्र म्हणू लागलो. मालकाने नारळ बैठकीवर ठेवला आणि पायाची पट्टी दाबली. नारळाचा चुरा झाला. करवंटीच्या कपच्या माझ्या गालात रुतल्या. मालकाने पाय काढला, ठोकळा वर गेला. प्रसाद जमिनीवर पडू नये म्हणून मुलाने खोबऱ्याचा तुकडा उचलायला हात घातला.

ठोकळा आपोआप पुन्हा खाली आला.

मी कॉलर धरून त्याला मागे ओढले. दोघेही कोसळलो. हात सुटला, दोन बोटांची टोके आत राहिली. मालक मेन स्विचपर्यंत धावेतो ते यंत्र चिरडलेलेच पुन्हा चिरडत होते.

उपरणे फाडून मी हात आवळला. रक्त थांबेना. तशातही मुलगा म्हणाला, “अण्णा, नुसती क्लचची स्प्रिंग गेलीय. बदलली की झालं.”

“व्हय की! भाव बी पाडून देतो,” मालक म्हणाला.

माझ्या तोंडून त्याला शिवी गेली, जन्मातली पहिली. मग मुलाकडे वळलो. “आठ बोटं धड उरलीत. तीही या यंत्राच्या घशात घालायचीत का?”

दवाखान्यात टाके पडल्यावर तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “नको घेऊया.”

आता तो पत्रा हातानेच ठोकतो. सकाळी मी जपाला बसलो की मागच्या शेडमधून घणाचा घाव ऐकू येतो. दुसरा पडेपर्यंत माझे ओठ हलत नाहीत.